धारकड्याची खोली

बाळांनो, आज माझ्याबरोबर थोडी कल्पना करायची आहे. अंगणात किंवा गच्चीवर या, मान वर करा आणि आकाशाला खोल्या आहेत असं समजा. भिंती दिसणार नाहीत, दारंही दिसणार नाहीत. पण प्रत्येक खोलीला जमीन आहे आणि छत आहे. एका खोलीतून मोठी विमानं जातात. एक खोली लष्कराची, तिथे बाकी कुणी जायचं नाही. एखादी खोली इतकी उंचावर असते की तुम्ही खाली निवांत पतंग उडवू शकता.

हे मी मनानं सांगत नाही. वैमानिकांच्या नकाशात अशा खोल्या आजही असतात. खोली किती लांब आणि किती रुंद एवढं लिहून भागत नाही. कुठल्या उंचीपासून कुठल्या उंचीपर्यंत, हेही लिहावं लागतं.

आता आणखी पंधरा-वीस वर्षं पुढे चला. तोवर आकाशात ड्रोन खूप झाले आहेत. औषधं नेणारे, रक्ताच्या पिशव्या नेणारे, पिकं पाहणारे. एवढ्या गर्दीत कुणी कुठून जायचं हे सांगायला एक जिवंत नकाशा तयार झाला आहे. जिवंत अशासाठी की तो शिकतो. कुणी खोलीत बदल केला तर तो फक्त आकडा पाहत नाही, बदलाचं कारणही वाचतो. हे एका कड्यावर झालं, तर शेजारच्या कड्यावरही होत असेल का, असा विचार करतो. आणि ज्या माणसाच्या नोंदी वर्षानुवर्षं खऱ्या ठरल्या, त्याच्या शब्दाला जास्त वजन देतो. शहाणा माणूस असाच वागतो, नाही का? तसाच हा नकाशा.

अशा त्या काळात डोणटेंभीच्या पठारावर शलाका ढेबे नावाची मुलगी राहत होती. पुढच्या महिन्यात तिला बारावं वर्ष लागायचं होतं. आईवडील खालच्या गावात, आणि शाळेसाठी ती वर आत्याकडे. पठाराच्या एका बाजूला गवताचा माळ आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला धारकडा. कड्याच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करायची.

शलाकाची आत्या, सारिका, पॅराग्लायडिंग शिकवायची. ऊन तापलं की कड्यावरून गरम हवा वर चढते. गिधाडं त्या हवेत पंख पसरून गोल गोल वर जातात आणि त्यांच्या मागोमाग माणसंही. प्रत्येक उड्डाण संपलं की मोबाइलमधल्या ‘उड्डाणनोंद’ या अ‍ॅपमध्ये ते आपोआप लिहिलं जायचं. त्याच अ‍ॅपमध्ये आसपासच्या आकाशाच्या खोल्याही असत, आणि त्या सांभाळायला प्रत्येक भागात एक राखणदार नेमलेला असे. डोणटेंभीची राखणदार होती सारिका. शेजारच्या चार डोंगरांवरचे राखणदार तिचेच विद्यार्थी.

धारकड्यासमोरची गिधाडांची खोली तिनंच आखली होती. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडं घालते. ते गेलं की ते वर्ष गेलं. म्हणून हिवाळ्यात त्या खोलीत माणूस जात नसे आणि ड्रोनही जात नसे.

त्या हिवाळ्यात मात्र ड्रोन जाऊ लागले.

शलाका आणि आत्या उड्डाणाच्या जागी बसल्या होत्या. एक पांढरा ड्रोन कड्याला जवळजवळ घासून गेला. कपारीतली मादी घाबरून उडाली. तिची पाठ वळते न वळते तोच दोन कावळे कपारीकडे आले. मादी परत फिरली, कावळे पळाले.

“वाचलं,” शलाका हळूच म्हणाली.

“आज वाचलं,” आत्या म्हणाली. “किती वेळा कळवलं त्या ड्रोनवाल्यांना. म्हणतात, आमचा ड्रोन नकाशाबाहेर गेलेलाच नाही. डोळ्यांदेखत जातो आणि वर हे ऐकवतात.”

शाळेत लवकरच प्रदर्शन व्हायचं होतं. शलाकानं पुठ्ठ्यांचा डोंगर करायला घेतला. एक पुठ्ठा म्हणजे शंभर मीटर. सगळ्यात खाली समुद्राची पातळी, त्यावर पुठ्ठ्यावर पुठ्ठा चढवत बाराव्या पुठ्ठ्यावर डोणटेंभीचं पठार. डोंगर झाल्यावर तिनं अ‍ॅपमधले आकडे बघून रंगीत कागदाच्या खोल्या केल्या. विमानांची निळी खोली तारेवर उंच बसली. ड्रोनचा हिरवा रस्ता कड्याजवळून गेला. गुलाबी खोली गिधाडांची. ती हातात घेऊन शलाका बराच वेळ बसून राहिली.

“आत्या, धारकड्याची खोली कुठे लावू?”

आत्या अंगणात ग्लायडरचं कापड घडी घालत होती. “कड्यासमोर लाव. आणखी कुठे?”

“तिथे बसत नाही.”

“डिंक कमी पडला असेल.”

“डिंकाचं नाही गं. यातल्या आकड्यांनी ती डोंगराच्या खाली जाते. सगळ्यात खालच्या पुठ्ठ्यात. मला भोक पाडावं लागेल.”

आत्या हसली. “दाखव बघू मोबाइल.” तिनं नकाशा उघडला. गुलाबी गोल बरोबर धारकड्यावर होता. “ही बघ, जागच्या जागी आहे.”

“तू वरून बघतेयस,” शलाका म्हणाली. “बाजूनं बघ.”

आत्यानं पुठ्ठ्यांचा डोंगर बाजूनं पाहिला. मग मोबाइलमधले आकडे. मग पुन्हा डोंगर. तिच्या हातातली घडी सुटून कापड अंगणभर पसरलं, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

काय झालं होतं ते सांगतो. उंची मोजायचं यंत्र हवेचा दाब मोजतं. आपल्या डोक्यावर हवेचा केवढा तरी ढीग असतो आणि तो आपल्याला दाबत असतो. वर चढावं तसा ढीग कमी होतो, दाबही कमी होतो. त्यावरून यंत्र उंची सांगतं. पण शून्य कुठे धरायचं, हे माणसानं सांगावं लागतं. समजा, तुमचा मित्र तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सांगतो, “माझी खिडकी चार फुटांवर आहे.” त्याचं खरंच आहे, तो स्वतःच्या फरशीपासून मोजतोय. तुम्ही रस्त्यावर चार फुटी शिडी घेऊन उभे राहिलात, तर खिडकी काही हाताला लागणार नाही.

डोणटेंभीला उड्डाणाच्या जागी एक चपटा काळा दगड होता. उडण्याआधी प्रत्येकानं त्या दगडाला हात लावायचा आणि यंत्र शून्यावर आणायचं, अशी तिथली रीत. त्याला नावच होतं शून्याचा दगड. “आज दगडावर चारशे गेलो,” असं लोक बोलत. गिधाडांची खोलीही आत्यानं तशीच मांडली होती, दगडाखाली दोनशेपासून दगडावर शंभरपर्यंत. जुन्या अ‍ॅपला दगड माहीत होता. त्या हिवाळ्यात नवं अ‍ॅप आलं आणि त्यानं विचारलं, उंची कशापासून? सगळ्यांच्या सोयीसाठी उत्तर आधीच भरलेलं होतं, समुद्रापासून. आत्यानं होकार दिला. तिच्या डोक्यात शून्य म्हणजे दगडच होता. समुद्राखाली दोनशे मीटर गिधाडांची खोली असणार कशी? म्हणून अ‍ॅपनं ती समुद्रापासून सुरू केली आणि शंभरावर संपवली. डोंगराच्या पोटात.

म्हणजे ड्रोनवाले खरंच बोलत होते.

आत्यानं लगेच आकडे बदलायला घेतले. अ‍ॅपनं कारण विचारलं. समोर पर्याय होते. मोजमापातली चूक. नवं बांधकाम. घरटं हललं. आत्याचं बोट पहिल्या पर्यायावर थांबलं आणि तिसऱ्यावर गेलं.

“पण घरटं हललं नाही,” शलाका म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“मग?”

आत्यानं तिला जवळ बसवलं. “मोजमापातली चूक लिहिली की नकाशा माझी प्रत्येक खोली संशयात घेईल. मी ज्यांना शिकवलं, ज्यांच्या नावाला मी हमी दिली, त्यांच्याही. पुन्हा मोजून होईपर्यंत पाचही डोंगरांवरचं आकाश बंद. ड्रोनना आणि आपल्यालाही. ऐन हंगामात. शेजारच्या डोंगरावरच्या बापू कोकरेंची दोन्ही पोरं या हंगामाच्या कमाईवर शिकतायत. खोली दुरुस्त होणं महत्त्वाचं ना? ती झाली. बाकीच्यांना मी फोन करते, तेही गुपचूप करतील.”

शलाका पुन्हा पुठ्ठ्यांकडे वळली. आत्या खोटं बोलते हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. आणि आत्याचं म्हणणं चुकीचंही वाटत नव्हतं, याचा तिला जास्त त्रास होत होता.

आत्यानं फोन केले. दोघांनी त्याच दिवशी आकडे बदलले आणि कारण लिहिलं, घरटं हललं. तिसरा म्हणाला, सवडीनं करतो. बापू कोकरे फोनवर हसले. “ताई, आमचं गिधाड तुम्हाला विचारून घरटं हलवतंय व्हय?” पण पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले.

धारकड्याजवळून जाणारा हिरवा रस्ता बाजूला झाला. मादी निवांत अंड्यावर बसू लागली. आत्या पुन्हा हसायला लागली. शलाकाच्या वाढदिवसाला तिचं पहिलं उड्डाण ठरलं होतं, आत्याच्या पुढ्यात बसून. त्यासाठी हेल्मेट आलं, तिच्या नावानं उड्डाणनोंद उघडली गेली. त्यात अजून एकही ओळ नव्हती.

प्रदर्शन जवळ आलं तशी शलाका रोज नवे आकडे पाहून पुठ्ठ्यांवरच्या खोल्या नीट करायची. एके दिवशी सोनकड्याची खोली जुळेना. सोनकडा पलीकडच्या रांगेत होता, आणि शलाकानं तोही पुठ्ठ्यांत केला होता. तिथली खोली वनखात्यानं आखलेली, समुद्रापासून मोजलेली, आजवर बरोबर असलेली. ती आता कड्याच्या माथ्यावर गेली होती. हिरवा रस्ता तिच्याखालून, कपारींसमोरून काढलेला होता.

“आत्या, सोनकड्याची खोली वर सरकली.”

“वनखात्यानं बदलली असेल.”

“का?”

“त्यांना ठाऊक,” आत्या म्हणाली. तिनं तेव्हा मोबाइल उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर कळलं असतं.

नकाशानं विचार केला होता, बाळांनो. जिच्या शब्दाला त्या डोंगरांत सगळ्यात जास्त वजन, त्या राखणदार बाईनं लिहिलं की घरटं हललं, आणि ते वर गेलं. आणखी दोघांनी तेच लिहिलं. म्हणजे या वर्षी गिधाडं उंचावर घरटी करत असणार. मग बाकीच्या कड्यांवरही ती वर गेली असतील. नकाशानं खोल्या वर उचलल्या. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. त्याला जे सांगितलं, त्यावर त्यानं विश्वास ठेवला होता.

दोन दिवसांनी दुपारी विलास आखाडे पठारावर आले. सोनकड्याचे वनरक्षक. त्यांच्या हातात गोणपाटाचं ओझं होतं. ते त्यांनी आत्याच्या अंगणात अलगद ठेवलं आणि उलगडलं.

गिधाडाची मादी होती, मेलेली. एक पंख अंगाखाली मुडपलेला. गोणपाटाबाहेर आलेला दुसरा पंख शलाकाच्या उंचीपेक्षा लांब वाटला.

“ड्रोनला धडकली,” आखाडे म्हणाले. “घरट्यातून उठली ती थेट त्याच्यावर. ड्रोन खाली दरीत गेला. बाळंतिणीसाठी रक्त चाललं होतं त्यात. मग गाडीनं दुसरं पाठवावं लागलं. बाई वाचली, पण थोडक्यात.”

“आणि अंडं?” शलाकानं विचारलं.

“पिल्लू बाहेर आलं होतं, बाळ. नर एकटा किती सांभाळील? बघू.”

आत्या पायरीवर बसली. “सोनकड्याची खोली वर का केलीत तुम्ही?”

आखाड्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “नकाशानं विचारलं, घरटी वर सरकलीत, मान्य का? कारणात बघितलं तर तुमचं नाव. सारिकाताईंनी लिहिलंय म्हटल्यावर मी कड्यावर चढून बघितलंच नाही. होय म्हटलं. तिकडं घरटं हललेलं नाही, ताई. जागेवरच आहे. तुमच्याकडचं कुठं गेलं?”

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग शलाकाकडे. शलाका पक्ष्याजवळ बसली होती आणि मुडपलेला पंख सरळ करत होती. तिनं मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं.

“कुठेच गेलं नाही,” आत्या म्हणाली. “मी खोटं लिहिलं.”

आखाडे रागावले असते तर आत्याला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “तुम्ही, ताई?” आणि गोणपाट पुन्हा गुंडाळून घेतलं.

ते फाटकाबाहेर पडायच्या आत आत्यानं मोबाइल उघडला. कारण बदललं. मोजमापातली चूक. खाली मोकळ्या जागेत तिनं लिहिलं, घरटं हललं ही नोंद खोटी होती, ती मी जाणून केली, इतरांनाही तशी करायला मीच सांगितलं.

नकाशाला शंका आली की तो आधी सगळ्यांना लांब ठेवतो. सोनकड्याची खोली खाली आली, इतर कड्यांच्याही आल्या. ड्रोनचे रस्ते दूर वळले. पाच डोंगरांवरचं आकाश माणसांना बंद झालं आणि सारिका ढेबे या नावापुढचा राखणदार हा शब्द गेला.

“माझं उड्डाणही?” शलाकानं विचारलं.

“तुझंही.”

“बरं,” शलाका म्हणाली. तिनं हेल्मेट उचललं आणि कपाटात ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या डोंगरांवरचे चौघे राखणदार पठारावर आले. शून्याच्या दगडाजवळ उभे राहिले. बापू कोकरे सगळ्यांत मोठे, तेच बोलले.

“ताई, तुमच्या एका ओळीनं सगळ्यांना खाली बसवलं. माझ्याकडं लोक येऊन थांबलेत. काय सांगू त्यांना? बाईंचं मन खायला लागलं म्हणून आकाश बंद?”

“मी आधी चुकले आणि मग खोटं बोलले, असं सांगा,” आत्या म्हणाली. “माझं नाव घेऊन सांगा.”

“त्यानं आकाश उघडतंय का?”

“नाही. प्रत्येक खोली पुन्हा मोजावी लागेल. समुद्रापासून.”

“माझी खोली बरोबर आहे,” बापू म्हणाले. “दर वर्षी तीच आहे. नकाशात बघा, कड्यावरच दिसते.”

दुसरा एक जण म्हणाला, “आमची पण.” तिसरा म्हणाला, “दगडापासून मोजायचं तुम्हीच शिकवलंत ना?” आत्यानं मान हलवली. काल ज्या माणसानं खोटं बोलल्याचं कबूल केलं, त्याचं खरं आज ऐकायला लोकांना जड जातं.

सगळे एकदम बोलत होते, म्हणून शलाका घरात गेली हे कुणाला कळलं नाही. ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पुठ्ठ्यांचा डोंगर होता. वाऱ्यात तो डुगडुगत होता. माणसांच्या मधून वाट काढत ती आत आली आणि तिनं तो शून्याच्या दगडावर ठेवला.

“हे काय गं?” बापू म्हणाले.

“बापूकाका, खाली बसा. उभ्यानं वरून दिसतं. बाजूनं बघायचं आहे.”

बापूंनी आत्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्यांच्यामागून बाकीचेही बसले.

शलाकानं सगळ्यात खालच्या पुठ्ठ्यात बोटं घातली. तिथे तिनं भोक पाडलेलं होतं. त्यातून तिनं एक चपटी गुलाबी खोली बाहेर काढली आणि बापूंच्या तळहातावर ठेवली.

“आमची इथे होती,” ती म्हणाली. “डोंगराखाली. गिधाडं तिथे राहत नाहीत. तुमचे आकडे सांगा.”

बापूंनी मोबाइल काढला. आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले, पहिल्यांदा घाईत. मग दुसऱ्यांदा हळू. ते खोलीकडे बघत राहिले, डोंगराकडे बघत राहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

“मोजायला कधी निघायचं?” त्यांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

“आत्ता,” आत्या म्हणाली.

शलाकानं खिशातून दुसरी गुलाबी खोली काढली. ही जाड होती, तीन पुठ्ठ्यांची, खऱ्या आकड्यांची. कड्यासमोर ती ठेवायला आधार नव्हता, खाली नुसती हवा होती. म्हणून तिनं ती दोन बोटांत धरली, हात लांब केला आणि धारकड्याच्या कपारींसमोर बरोबर उंचीवर नेला. माणसं उठली, यंत्रं शोधू लागली, कुणी पाणी भरून घेतलं. कुणीतरी तार आणायला घरात गेलं.

शलाका तिथेच उभी राहिली. हात दुखायला लागला तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दिला, आणि तार येईपर्यंत खोली खाली येऊ दिली नाही.